टिंब दिलंय, सर

५ जानेवारी २००४, सोमवार

स्क्रिप्ट संपली की तिने मशीनला सांगितलेलं सगळं जातं कुठे? मला माहीत नाही. ही वही फक्त माझ्यासाठी आहे म्हणून खरं लिहिलं. ऑफिसात कुणी विचारलं असतं तर ‘थोडं सविस्तर सांगावं लागेल’ म्हणाले असते.

आज लोणी काळभोरच्या डेअरीत पहिला दिवस. काम सोपं. आमच्या कंपनीचं दूध-संकलनाचं सॉफ्टवेअर त्यांच्या सर्व्हरवर बसलेलं आहे. ते सुरू करण्याआधी मशीनला चार गोष्टी सांगाव्या लागतात: साइटचं नाव, डेटा कुठे ठेवलाय, प्रिंटर कुठला, पावतीचा नमुना कुठला. यांना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात. हाताने टाइप केल्या की सगळं छान चालतं. विंडो बंद केली किंवा लाइट गेले की मशीन सगळं विसरतं.

म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनसाठी हुकमांची यादी, लिहिली. चारही गोष्टी तिच्यात साठवल्या. तिचं नाव ठेवलं ‘आठवण’. ती चालवली की मशीनला सगळं आठवेल.

चालवली. आठवणने चारही गोष्टी स्क्रीनवर स्वच्छ छापल्या. मग पावतीचा प्रोग्रॅम सुरू केला. तो म्हणाला, साइट सांगा.

किरकोळ काहीतरी असणार. तीन दिवसांचं काम आहे, दोनात संपवते.

संकल्प: २ फेब्रुवारीला नारायण पेठेतल्या हेड ऑफिसात जर्मन प्रोजेक्टची जावाची टीम सुरू होतेय. तिथे माझी खुर्ची. सुदर्शन सर (आमचे टीम लीड) स्वतः म्हणालेत, लोणीचं साइन-ऑफ आणा आणि बसा. साइन-ऑफ म्हणजे काम पूर्ण झाल्याची ग्राहकाची सही; तिची अट एकच. डेअरीच्या चेअरमनसमोर मशीन बंद करून चालू करायचं आणि ऑपरेटरने बटण दाबल्यावर पावती निघाली पाहिजे.

६ जानेवारी, मंगळवार

सरांना फोन केला. त्यांनी समजावलं, पण रिक्षास्टँडवरची पाटी वाचावी तसं. म्हणाले, स्क्रिप्ट चालवली की मूळ शेल (आपले हुकूम ऐकणारा प्रोग्रॅम) एक पोर जन्माला घालतो. बापाकडचं पोराला मिळतं. पोराने मिळवलेलं बापाला मिळत नाही. स्क्रिप्ट संपली, पोर संपलं, त्याच्याबरोबर त्याची इस्टेट संपली.

मी म्हटलं, सर, पण एक्स्पोर्ट केलंय (म्हणजे या गोष्टी पुढे पोचवायचा हुकूम दिलाय). सर म्हणाले, एक्स्पोर्ट खाली जातं, वर येत नाही. आपण बीसीएस झालात ना? का मी चुकून दुसऱ्या कुणाला फोनवर घेतलंय?

मला हे तत्त्व म्हणूनच पटलेलं नाही. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. मी शिकले त्याचा आई-बाबांना काही उपयोग नाही असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन का? या मशीनवरचं युनिक्स ज्या काळात बनलं त्या काळातले विचार त्यात राहिलेत. ही व्यवस्था बदलता येते. मी बदलणार.

शेवटी सर म्हणाले, आधी टिंब द्या. मी म्हटलं, टिंब दिलंय सर. ते म्हणाले, मग अजून एक द्या. मी म्हटलं, सर, मी डॉट स्लॅश आठवण असंच टाइप करते, टिंब समोर दिसतंय. ते म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला.

माणूस मॅनेजर झाला की त्याचा हाताने काम करण्याशी संबंध तुटतो. सरांबद्दल आदर आहेच.

८ जानेवारी, गुरुवार

चेअरमन हिंमतराव काळभोर बघायला आले. हाताने टाइप करून काढलेल्या पावतीवर साइटचं नाव नुसतं ‘लोणी’ आलेलं त्यांना आवडलं नाही. म्हणाले, नुसतं लोणी नगं. लोणी कंद बी हाय. त्यांचं दूध आमच्या नावावर चढायचं. पुरं लिवा.

मी लगेच आठवणमध्ये पुरं नाव घातलं आणि आत्मविश्वासाने त्यांच्यासमोरच चालवलं. स्क्रीनवर आलं: काळभोर, नॉट फाउंड.

हिंमतरावांना एवढं इंग्रजी येतं.

म्हणाले, अख्खं गाव काळभोरांचं हाय. बाहेर ओट्यावर बसलेत त्ये बी काळभोर, दूध घालाय आलेत त्ये बी काळभोर. आन् ह्या डब्याला एक काळभोर गावंना?

मी समजावलं. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडली की मशीन पहिला शब्द नाव म्हणून घेतं आणि दुसरा हुकूम समजून पाळायला जातं. काळभोर नावाचा हुकूम त्याला सापडला नाही. नावाला अवतरणचिन्हं घालायची राहिली, एवढंच. ते म्हणाले, मग घाला की, का ती पुण्यासनं मागवाय लागत्यात?

घातली. काळभोर सापडले. तेवढ्या उत्साहात मी मशीन बंद करून चालू केलं आणि आठवण चालवली. ऑपरेटर चंपाने पावतीचं बटण दाबलं. साइट सांगा.

मी म्हटलं, मशीन नवीन आहे, रुळायला वेळ लागेल. हिंमतराव म्हणाले, मशीन हाय का सून हाय?

चंपा इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. ती माझ्याच वयाची आहे. तिला हसू सहज येतं.

११ जानेवारी, रविवार

रविवारीसुद्धा दूध येतं. याचा विचार मी केला नव्हता.

सकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत चारही गोष्टी हाताने टाइप करायला मी हजर पाहिजे. म्हणजे धायरीहून पहिली बस, स्वारगेटला दुसरी, हडपसरला तिसरी. दुपारी लोडशेडिंग. लाइट आले की पुन्हा टाइप. मग संध्याकाळचं संकलन. विंडो बंद करून चालत नाही, म्हणून मी जेवतेसुद्धा मशीनसमोर.

आई म्हणाली, काय वं माय, तीन दिवसाचं काम होतं नं तुह्यं? मी म्हटलं, आई, जबाबदारीचं काम असं दिवसांत मोजता येत नाही. आई म्हणाली, मंग कशात मोजतेत?

आम्ही भंडाऱ्याहून येऊन बारा वर्षं झाली तरी आईची बोली तशीच आहे. मी तिला ‘मग’ म्हणायला शिकवलं होतं. आठवडाभर टिकलं.

चंपाला चार ओळी लिहून द्याव्यात असं हिंमतरावांनी सुचवलं. नम्रपणे नकार दिला. एक अक्षर चुकलं तर केवढा गोंधळ होईल. शिवाय हा तात्पुरता उपाय आहे, तो दुसऱ्याला शिकवणं तत्त्वात बसत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

मोठी कल्पना सुचली. चारच गोष्टी कशाला? हेड ऑफिसच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं. तिथलं संपूर्ण एन्व्हायर्न्मेंट एका फाइलमध्ये साठवायचं आणि इथे तसंच्या तसं उतरवायचं. काल दुपारच्या लोडशेडिंगमध्ये पुण्याला जाऊन फ्लॉपीवर घेऊन आले. आठवणमध्ये घातलं. चालवलं.

आता आठवण प्रिंटरचं नाव नारायण पेठेतलं सांगते, डेटाची जागा नारायण पेठेतली सांगते, आणि मी कोण विचारलं तर सुदर्शन सरांचं लॉगिन सांगते. मशीन लोणीत आणि मन नारायण पेठेत. मला त्याचा राग आला नाही. समजू शकते.

पावतीचा प्रोग्रॅम मात्र अजूनही ‘साइट सांगा’ म्हणतो.

निकिताशी बोलले. ती माझ्याच बॅचची, हेड ऑफिसात बसते. म्हणाली, अगं यार, सोर्स कर ना. मी म्हटलं, सोर्स कोड माझ्याकडेच आहे, मीच लिहिलाय. ती म्हणाली, तसं नाही गं. तेवढ्यात तिला मीटिंगला बोलावलं. ती हुशार आहे, पण वरवरची उत्तरं देते.

आठवड्याचा रिपोर्ट ईमेल केला: ‘साइटवर माझी प्रत्यक्ष उपस्थिती अत्यावश्यक आहे.’ हे वाक्य चांगलं जमलंय. सरांचं उत्तर: वाचलं.

२१ जानेवारी, बुधवार

लाइट तीनदा गेले. तीनदा टाइप केलं. आता न बघता येतं.

चंपा म्हणाली, ताई, म्हशीला पन दिवसातनं एकदा सोडत्यात. तुमास्नी कोन सोडत न्हाई व्हय?

मी तिला सांगितलं की हे बंधन नाही, बांधिलकी आहे. ती म्हणाली, दाव्याला काय बी म्हना.

खिडकीतून सोलापूर रोड दिसतो. पुण्याकडे जाणाऱ्या बसेस मोजायच्या नाहीत असं ठरवलंय.

संकल्प: आठवणची सातवी आवृत्ती. तिच्यात प्रत्येक गोष्ट तीनदा एक्स्पोर्ट करायची. एकदा सांगून बाप ऐकत नसेल तर तीनदा सांगून ऐकेल.

२२ जानेवारी, गुरुवार

नाही ऐकलं.

२४ जानेवारी, शनिवार

रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘माझ्या अनुपस्थितीत प्रणाली चालू शकत नाही, हे वारंवार सिद्ध झाले आहे.’ असं ठामपणे लिहिल्याशिवाय हेड ऑफिसला आपली किंमत कळत नाही. जावाची टीम निवडताना सर हेच बघतील.

घरी बाबांना वाचून दाखवलं. बाबा सिंहगड रोडच्या एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, आमच्या कंपनीत एक आहे. मशीनची चावी सोताच्या खिशात ठेवते. तो सुटीवर गेला का अख्खी लाइन बंद. लोक म्हणतेत, लय हुशार माणूस.

मी विचारलं, मग? बाबा म्हणाले, मंग काही नाही. सांगितलं.

बाबांच्या बोलण्यात हल्ली संदर्भ सुटतो. थकतात.

२६ जानेवारी, सोमवार

डेअरीत झेंडावंदन. हिंमतरावांनी भाषणात माझं नाव घेतलं! म्हणाले, ह्या मेश्राम ताई हायत म्हनून मशीन हाय. त्या हिथं बसल्या की चालतंय, उठल्या की बंद पडतंय. आमी कंपनीला कळवलंय, ताईंना हितनं हलवू नगा.

टाळ्या पडल्या. मला भरून आलं. एवढ्या लोकांसमोर माझ्या शिक्षणाचं कौतुक पहिल्यांदाच झालं.

‘हलवू नगा’ हे त्यांनी भावनेच्या भरात म्हटलं असणार.

३० जानेवारी, शुक्रवार

भावनेच्या भरात म्हटलेलं नव्हतं.

कंपनीचं पत्र आलं. कु. अपेक्षा भीमराव मेश्राम, आपल्या रिपोर्टांचा व ग्राहकाच्या मागणीचा विचार करून आपली नेमणूक ‘रेसिडेंट इंजिनिअर, लोणी काळभोर’ या पदावर पुढील आदेशापर्यंत करण्यात येत आहे.

सरांना फोन केला. विचारलं, जावाची टीम? म्हणाले, निकिताला बसवलंय. मी म्हटलं, सर, पण माझी खुर्ची. ते म्हणाले, आपणच दर आठवड्याला लिहीत होतात की आपण तिथून उठलात तर डेअरी बंद पडेल. आम्ही विश्वास ठेवला. का ठेवायला नको होता?

संध्याकाळच्या संकलनाची वेळ झाली होती, म्हणून फोन ठेवला.

घरी आईला फक्त पदाचं नाव सांगितलं. तिने लगेच पेढे आणले आणि चाळीत सगळीकडे फिरली. शेजारच्या काकूंनी विचारलं, रेसिडेंट म्हणजे काय हो? आई म्हणाली, म्हणजे पर्मनंट. आमच्या पोरीबिगर तिथलं पान हालत नाही.

विचार केला तर हे प्रमोशनच आहे. धायरीत दुसरी रेसिडेंट इंजिनिअर कोण आहे?

२ फेब्रुवारी, सोमवार

आज नारायण पेठेत टीम सुरू झाली. मी लोणीत. सकाळचं टाइपिंग झालं.

निकिताचा मेसेज: न्यू पीसी, यार! फ्लॅट मॉनिटर!! ‘अभिनंदन’ पाठवलं.

दुपारी ठरवलं की अन्याय लेखी मांडायचा. डायरेक्टरांना सविस्तर ईमेल करायची: सुदर्शन सरांनी मला महिनाभर चुकीचा सल्ला दिला. पुरावा म्हणून, त्यांनी सांगितलेलं अगदी शब्दशः करायचं आणि त्यातून येणारा एरर ईमेलमध्ये चिकटवायचा. पुण्यातून फ्लॉपीवर आणलेलं सगळं आधी काढून टाकलं, म्हणजे दोष माझ्यावर यायला नको. मग नवी कोरी विंडो उघडून त्यांनी सांगितलं तसं आधी टिंब दिलं. त्यांनी सांगितलं तसं अजून एक दिलं. टिंब, जागा, टिंब, स्लॅश, आठवण. दिसायलासुद्धा मूर्खपणाचं. एंटर.

एरर आला नाही. हे अपेक्षित नव्हतं.

पावतीचा प्रोग्रॅम सुरू केला. पावती निघाली. वर ‘लोणी काळभोर’, अवतरणचिन्हांसकट घातलेलं, न तुटलेलं.

जे कळलं ते लिहून ठेवते. पहिलं टिंब म्हणजे ‘पोर जन्माला घालू नकोस, तू स्वतः वाच’. दुसरं टिंब म्हणजे नुसतं ‘इथलं’. माझ्याकडे दुसरं होतं. पहिलं नव्हतं. निकिता ‘सोर्स कर’ म्हणाली ते या पहिल्याच टिंबाचं नाव. बापाला पोराकडून मिळत नाही हा नियम बदललेला नाही. तिथे पोरच नाही, एवढंच.

ईमेल अर्धवट ठेवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाला सांगितलं नाही. घाई करू नये. नीट तपासून बघायला हवं.

लाइट दोनदा गेले. दोन्ही वेळा मी चारही गोष्टी हातानेच टाइप केल्या. चंपा बाजूला उभी होती. तिच्यासमोर एकदम टिंब देणं बरं दिसलं नसतं. तिला वाटलं असतं, एवढंच होतं?

हिंमतराव येऊन गेले. मला बसायला गादी असलेली खुर्ची मागवलीय म्हणाले. ताई आता हितल्याच. त्यांच्या घरून डबा पण येणार आहे.

सांगितलं तर: पद जाईल, आईचे पेढे वाया जातील, आणि जावाची टीम भरलेली आहे. नाही सांगितलं तर: रोज पहिली बस, ही खिडकी, चार ओळी. दिवसातून चार वेळा, गादीवर बसून.

संध्याकाळी बसायला जागा मिळाली तरी हडपसरपर्यंत उभीच राहिले.

४ फेब्रुवारी, बुधवार

आजही हाताने टाइप केलं. तिसऱ्या वेळी चंपा म्हणाली, ताई, मला पन शिकवा की वो. तुमी आजारी पडला तर आमी काय करायचं?

मी म्हटलं, मी आजारी पडत नाही.

हे वाक्य माझ्याच तोंडून ऐकल्यावर बरं वाटलं नाही. दिवसभर बरं वाटलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सकाळी मशीनच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ घातली. चंपा लॉगिन करेल तेव्हा मशीन स्वतःच आठवण वाचेल, दोन्ही टिंबांसकट. तिला ती ओळ दाखवली. फाइल कुठे आहे आणि बिघडली तर काय बघायचं तेही सांगितलं. मग हिंमतरावांना बोलावलं, मशीन बंद केलं आणि चालू केलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चंपाने लॉगिन केलं आणि बटण दाबलं.

पावती निघाली.

हिंमतराव म्हणाले, परत करा. परत केलं. निघाली. त्यांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला, वर केला. निघाली. त्यांनी पावती चष्मा लावून वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, मग इतके दिस तुमी काय करत हुता?

मी म्हटलं, सखोल अभ्यास. ते म्हणाले, असंल.

त्यांनी साइन-ऑफवर सही केली. गादीची खुर्ची टेम्पोतून उतरली, तिच्यावर चंपा बसली.

आज पहिल्या बसची गरज नव्हती. दहा वाजता नारायण पेठेत गेले. दिवसभरात लोणीहून एकही फोन आला नाही. मी फोन चालू आहे का ते दोनदा तपासलं. चालू होता.

सरांनी साइन-ऑफ बघितलं. म्हणाले, दिलंत टिंब? म्हटलं, दिलं. म्हणाले, छान. नंतर म्हणाले, जावाच्या टीममध्ये खुर्ची नाही. निकिताच्या मागे स्टूल आहे. महिनाभर तिचं बघून शिका, मग बघू. मी विचारलं, पद काय असेल? म्हणाले, स्टुलाला पद नसतं.

स्टूल एका पायाने हलतं. खाली घडी केलेला कागद घातला की जवळजवळ स्थिर राहतं. तिथून निकिताचा मॉनिटर पूर्ण दिसत नाही, पण जेवढा दिसतो तेवढा चांगला दिसतो. आत्ता तिथे बसूनच लिहितेय.

आईला रविवारी सांगेन, पेढे संपल्यावर. रेसिडेंट इंजिनिअरचं पत्र तिने फ्रेम करायला टाकलं होतं. सकाळी येतानाच ते दुकानातून काढून आणलं, आणि सरांच्या टेबलावर परत ठेवलं.